आधी घासते कुठे, ते पाहा

वाचकाचे पत्र : मी साताऱ्यात राहतो आणि शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. २०२३ साली पाच दारांची मारुती सुझुकी जिमनी घेतली. मॅन्युअल गिअरची आहे आणि सत्तर हजार किलोमीटर झाले आहेत. रोज जाऊन-येऊन सुमारे १२० किलोमीटर महामार्गाचा प्रवास होतो. महिन्यातून दोन-तीन वेळा कास-बामणोलीच्या बाजूने शिवसागर जलाशयाकाठच्या आमच्या गावी जातो. तिथले शेवटचे चार किलोमीटर कच्चे आहेत. पावसाळ्यानंतर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल होतात की गाडी मधल्या उंचवट्यावर खर्रकन घासते. एक गॅरेजवाले म्हणतात, तीन इंचांची लिफ्ट करून, म्हणजे गाडी तेवढी उचलून, २३५ मिलिमीटर रुंदीचे टायर घाला. दुसरे म्हणतात, स्प्रिंगला दोन इंचांचे स्पेसर (जाड गोल) घाला, एका दिवसात काम होईल आणि पैसेही वाचतील. पुढे पोलादी बंपर लावण्याचाही विचार आहे. आईचे वय ७१ असून गुडघे दुखतात, त्यामुळे गाडी फार उंच झालेली तिला चालणार नाही. काय करावे?

उत्तर :

स. न. वि. वि.

तीन इंचांची लिफ्ट करू नका आणि स्पेसरही घालू नका. गाडी उचलायचीच असेल तर ४० मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाहून किंचित जास्त, आणि तीही स्प्रिंग व शॉक (धक्के जिरवणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) एकमेकांना जुळतील असे एकत्र बदलून. परंतु त्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागेल, तो तुमच्या पत्रात नाही आणि दोन्ही गॅरेजवाल्यांनी तो विचारलेला दिसत नाही : गाडीचा नेमका कोणता भाग घासतो?

हा प्रश्न मी इतक्या आग्रहाने का विचारतो, हे जिमनीची रचना पाहिली की लक्षात येईल. या गाडीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहेत. दोन चाकांना जोडणारा पोलादी दांडा आणि त्याच्या एका बाजूला डिफरन्शिअलचा, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरांचा गोळा, असा हा सगळा सांगाडा थेट चाकांवर उभा असतो. स्प्रिंगा त्याच्या वर बसतात आणि त्यांच्यावर चॅसिस, म्हणजे गाडीची मूळ चौकट. स्प्रिंग उंच केली की चॅसिस, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या आणि मागच्या एक्सलला ताकद वाटणारे खोके), पेट्रोलची टाकी आणि बंपर हे सारे वर जाते, पण डिफरन्शिअलचा गोळा जिथे होता तिथेच राहतो. कंपनी जो २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स सांगते, तो गाडीच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतचा असतो, आणि जिमनीत तो भाग म्हणजे हाच गोळा. त्यामुळे तुम्ही तीन इंच सोडाच, सहा इंचांची लिफ्ट केलीत तरी गोळ्याखालचे अंतर एका मिलिमीटरनेही वाढणार नाही. ते वाढवण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे मोठा टायर, आणि तोही व्यासातील वाढीच्या निम्माच फायदा देतो. थारसारख्या गाडीत पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्यामुळे पुढचे डिफरन्शिअल चॅसिसला टांगलेले असते आणि गाडीबरोबर तेही उचलले जाते. तिथे चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांचे कोन तीव्र होणे हा निराळा त्रास उद्भवतो. थारवाल्या मित्राचा अनुभव जिमनीला जसाच्या तसा लावू नये, एवढेच येथे सांगणे पुरेसे आहे.

तेव्हा पुढच्या फेरीला निघण्यापूर्वी पाच रुपयांचा प्रयोग करा. पानाच्या टपरीवर मिळतो तो चुना थोड्या पाण्यात घट्टसर कालवा आणि गाडीखाली जाऊन दोन्ही डिफरन्शिअलचे गोळे, एक्सलला जोडलेल्या मागे-पुढे जाणाऱ्या दांड्यांची टोके, गिअरबॉक्सखालचा आडवा पोलादी पट्टा, ट्रान्स्फर केसचा तळ आणि मागच्या बंपरची खालची कड यांवर त्याचा हात फिरवा. एक्झॉस्टच्या पाइपला गार असतानाच लावा. चुना पूर्ण वाळला की नेहमीच्याच माणसांना आणि नेहमीच्याच सामानाला घेऊन गावी जा, कारण रिकामी गाडी आणि चार माणसे व धान्याची दोन पोती घेतलेली गाडी यांच्या उंचीत चांगलाच फरक पडतो. गावी पोहोचल्यावर पुन्हा खाली वाकून पाहा. जिथला चुना पुसला गेला असेल तिथे तुमच्या प्रश्नाचे उत्तर सापडेल. जुने ओरखडे पाहूनही अंदाज येतो, पण ते कोणत्या रस्त्यावरचे आणि कधीचे, हे सांगता येत नाही.

चुना जर फक्त गोळ्यावरचा गेला असेल, तर लिफ्टचा विषय तिथेच संपवा. अशा वेळी उपाय टायरचा आणि गाडी चालवण्याच्या पद्धतीचा आहे. खोल चाकोरीत दोन्ही चाके उतरवली की मधला उंचवटा बरोबर गोळ्यासमोर येतो. त्याऐवजी एका बाजूचे चाक उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूचे चाकोरीबाहेरच्या कडेवर ठेवून, लो रेंजच्या (कमी वेग, जास्त ताकद) पहिल्या गिअरमध्ये सावकाश गेल्यास बहुतेक वेळा सुटका होते. अर्थात कड भक्कम असली पाहिजे. दरीकडची कड पावसाने पोखरलेली असेल, तर गोळा घासलेला पत्करावा पण तिकडे चाक घालू नये. याखेरीज आणखी एक उपाय आहे, जो कोणतेही गॅरेज सुचवणार नाही. गावातल्या चार जणांनी टिकाव-फावडे घेऊन एका सकाळी सर्वांत वाईट अशा दहा-बारा ठिकाणचे उंचवटे फोडून चाकोऱ्यांत दगड-मुरूम भरला, तर तुमच्याच नव्हे, सगळ्यांच्याच गाड्या ‘उंच’ होतील. मी हे थट्टेने लिहीत नाही.

चुना गिअरबॉक्सखालच्या पट्ट्यावरचा किंवा ट्रान्स्फर केसखालचा पुसला गेला असेल, तर मात्र लिफ्टला अर्थ आहे. दोन एक्सलांच्या मधोमध गाडीचे पोट उंचवट्याला न टेकता किती तीव्र चढाव ओलांडू शकते, याला रॅम्पओव्हर कोन म्हणतात. पाच दारांच्या जिमनीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, २५९० मिलिमीटर आहे आणि हा कोन २४ अंशांचा आहे; पुढून चढण्याचा कोन ३६ अंश आणि मागून उतरण्याचा त्याहूनही मोठा, म्हणजे दोन्ही टोके भरपूर मोकळी आणि पोट त्या मानाने खाली. लांबी वाढवल्याची किंमत या गाडीने मधल्या भागात मोजली आहे, आणि तुमची तक्रारही तिथलीच दिसते. चॅसिस ४० मिलिमीटरने वर गेले की भूमितीच्या हिशेबाने रॅम्पओव्हर कोन सुमारे साडेतीन अंशांनी वाढतो. साडेतीन अंश कागदावर किरकोळ वाटतात, पण ज्या उंचवट्यावर आज पोट बोटभर घासते, तिथे ते निश्चित सुटेल. तीन इंचांनी कोन आणखी वाढेल हे खरे. परंतु त्या वाढीची किंमत तुम्हाला गावाच्या वाटेवर नाही, महामार्गावर मोजावी लागेल.

तुमच्याच आकड्यांचा हिशेब मांडू. रोजचे १२० किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर तीन हजार किलोमीटर महामार्ग होतो. गावची कच्ची वाट एका फेरीत जाऊन-येऊन आठ किलोमीटर, म्हणजे तीन फेऱ्यांचे चोवीस. चोवीस किलोमीटरच्या सोयीसाठी तीन हजार किलोमीटरची गाडी बिघडवणे हा माझ्या मते तोट्याचा व्यवहार आहे. ‘रोज चालवायची गाडी’ या शब्दांचा अर्थ हाच, की बदलाची परीक्षा खडकावर न घेता सोमवारी सकाळी सात वाजता ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगात घ्यायची, शेजारून मोठा कंटेनर पुढे जात असताना.

गाडी बिघडते म्हणजे काय होते, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण लिफ्टच्या दुकानात हा भाग सहसा सांगितला जात नाही. जिमनीचा पुढचा एक्सल दोन लांब दांड्यांनी चॅसिसला जोडलेला असतो. चॅसिस वर गेले की हे दांडे तिरके होतात आणि त्यांच्याबरोबर एक्सलही आपल्याभोवती किंचित पुढच्या बाजूला झुकतो. चाक ज्या उभ्या आसाभोवती वळते तो आस मुळात थोडा मागे कललेला असतो. या कलाला कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा कललेला असल्यामुळे हात सोडले तरी सायकल सरळ धावते, तसेच मोटारीचे चाकही या कलामुळे वळणानंतर आपोआप सरळ होते. एक्सल पुढे झुकला की हा कल कमी होतो. मग स्टिअरिंग वळणातून परत येण्यास आळस करते, सरळ रस्त्यावर गाडी सतत इकडे-तिकडे भरकटते आणि चालकाला अखंड लहान-लहान दुरुस्त्या कराव्या लागतात. जिमनीचे स्टिअरिंग मुळातच इतर मोटारींच्या मानाने संथ आणि परतण्यास मंद आहे, त्यामुळे तिच्याजवळ गमावण्याजोगे कॅस्टर फारसे नाही.

माझी स्वतःची एक जुनी, पाट्यांच्या स्प्रिंगांची जीप होती. तिचे शॅकल (स्प्रिंग चॅसिसला टांगणाऱ्या पट्ट्या) लांब करून मी ती पुढून उचलून घेतली, तेव्हा कॅस्टर हा शब्दही मी ऐकलेला नव्हता. गॅरेजच्या अंगणात गाडी फार रुबाबदार दिसत होती. पहिल्याच घाटात उतरताना स्टिअरिंग असे मोकळे झाले, की जणू त्याचा चाकांशी काही संबंध उरलेला नाही. घरी येईपर्यंत खांदे भरून आले होते. गाडी पूर्ववत करण्यास लागलेले पैसे उचलण्याच्या खर्चाहून जास्त होते.

तुम्हाला रोज परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट ओलांडायचा असतो, तेव्हा हा मुद्दा तुमच्यासाठी पुस्तकी नाही. ४० मिलिमीटरच्या लिफ्टमध्ये कॅस्टर घटते, पण दांड्यांच्या सांध्यांत केंद्र सरकवलेले बुश (रबरी अस्तर) बसवून ते भरून काढता येते. लिफ्टबरोबर हे बुश घ्यावेतच, असे मी आग्रहाने सांगेन. तीन इंचांवर निव्वळ बुशने भागत नाही. नवे दांडे, लांब ब्रेक होज, प्रोपेलर शाफ्टच्या कोनांची दुरुस्ती अशी एकामागोमाग एक कामे निघत जातात, आणि ती सगळी केली तरी गाडी महामार्गाची राहत नाही.

दुसरा परिणाम एक्सल बाजूला सरकण्याचा. एक्सल आडवा हलू नये म्हणून त्याला एका तिरक्या दांड्याने चॅसिसशी बांधलेले असते. त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. गाडी उचलली की हा दांडा अधिक तिरका होतो आणि एक्सलला स्वतःकडे ओढतो. ४० मिलिमीटरच्या लिफ्टमध्ये हे सरकणे पाचेक मिलिमीटरचे असते. डोळ्यांना ते दिसत नाही आणि बहुतेकांना जाणवतही नाही, त्यामुळे एवढ्या लिफ्टसाठी लांबी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड घेणे सक्तीचे नाही. पैसे उरले तर घ्या. स्टिअरिंगचे मात्र तसे नाही. त्याच कारणाने सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला कललेले दिसू लागते. ते केवळ डोळ्यांना खुपते म्हणून सोडून देऊ नये, कारण गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी ईएसपी प्रणाली स्टिअरिंगचा कोन वाचत असते. गाडी सरळ चालली आहे आणि स्टिअरिंग मात्र वळलेले आहे, असे तिला दिसत राहिले, तर ती दिवा लावते किंवा नको त्या वेळी ब्रेक लावू पाहते. लिफ्टनंतर स्टिअरिंगचा दांडा जुळवून चाक मध्यावर आणणे हे कामाचाच भाग आहे, वेगळी मेहेरबानी नव्हे.

आता स्पेसर. स्पेसर म्हणजे जुन्याच स्प्रिंगखाली किंवा वर ठेवलेला रबराचा किंवा प्लास्टिकचा जाड गोल. स्वस्त असतो, लवकर बसतो, आणि स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, हे त्याचे गुण मी नाकारत नाही. अडचण शॉकची आहे. शॉकची लांबी ठरलेली असते. गाडी दोन इंच वर गेली आणि शॉक तोच राहिला, तर चाक खाली लोंबण्यासाठी त्याच्याजवळ जी जागा होती ती दोन इंचांनी कमी होते. खड्ड्यात चाक उतरले की शॉक पूर्ण ताणून आतल्या थांब्यावर आदळतो. तो ‘ठक्’ असा आवाज महिनाभरात ओळखीचा होतो आणि पुढे शॉक गळू लागतो. शिवाय ओबडधोबड वाटेवर चाक जितके खाली लोंबेल तितका टायर जमिनीला धरून राहतो, आणि तीच क्षमता स्पेसर कापून घेतो. म्हणजे पोट सुटते, पण पकड जाते.

तुमच्या बाबतीत तर आणखी एक व्यावहारिक कारण आहे. सत्तर हजार किलोमीटरनंतर मूळ शॉक थकत आलेले असणार. ते बदलण्याचा खर्च आज ना उद्या तुम्हाला आहेच. थकलेल्या शॉकवर स्पेसर चढवण्यापेक्षा, तोच खर्च धरून स्प्रिंग आणि शॉक एकाच उत्पादकाचे, एकमेकांसाठी जुळवलेले घेणे शहाणपणाचे. ओल्ड मॅन ईमू, आयर्नमॅन अशा ऑस्ट्रेलियन नावांचे संच जिमनीसाठी ४० ते ५० मिलिमीटरच्या टप्प्यात येतात. नाव कोणतेही घ्या, दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : ‘ही स्प्रिंग किती वजनासाठी आहे?’ उंचीचा आकडा सगळे सांगतात, वजनाचा सांगणारा दुकानदार क्वचित भेटतो.

वजनाचा प्रश्न महत्त्वाचा आहे तो असा. लिफ्टच्या स्प्रिंगा साधारणपणे हलक्या, मध्यम आणि जड अशा वजनगटांत मिळतात. पोलादी बंपर, विंच, छतावरचे कॅरिअर अशा कायमच्या ओझ्यासाठी बनवलेली जड स्प्रिंग तुमच्या रिकाम्या गाडीला घातली, तर दोन गोष्टी घडतील. ४० ची लिफ्ट प्रत्यक्षात ५० च्या पुढे जाईल, आणि गाडी प्रत्येक रंबलरवर हाडे खिळखिळी करील. पाच दारांची जिमनी सुमारे १२०० किलोची आहे; एवढ्या हलक्या गाडीत स्प्रिंगची चूक लगेच जाणवते. तुम्ही रोज एकटे प्रवास करता, म्हणून पुढे हलक्या गटाचीच स्प्रिंग घ्या, आणि मागे गावचे सामान नियमाने असेल तरच मध्यम गटाचा विचार करा.

यावरून पोलादी बंपरचे उत्तरही निघते : नको. पुढच्या एक्सलच्याही पुढे लटकणारे ते वजन चढाव-उताराला आणि ब्रेकला अडथळा करते, त्याच्यासाठी पुन्हा जड स्प्रिंग लागते, आणि मुळात तुमच्या पत्रात पुढचा भाग आदळल्याची तक्रारच नाही. शिवाय असे गार्ड बसवणे मोटार वाहन कायद्याविरुद्ध असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. त्याच पैशांत गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसखाली जाड पत्र्याची स्किड प्लेट लावून घ्या. लिफ्ट केल्यानंतरही कधीतरी पोट घासणारच. तेव्हा ते पत्र्यावर घासावे, अ‍ॅल्युमिनिअमच्या खोक्यावर नव्हे.

टायरांविषयी. तुमच्या गाडीचा मूळ टायर १९५/८० आर १५ आहे. त्याचा व्यास हिशेबाने ६९३ मिलिमीटर येतो. २३५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७३३ येतो, म्हणजे चाळीसची वाढ आणि गोळ्याखाली वीस मिलिमीटरचा फायदा. हा फायदा खरा आहे, पण त्याबरोबर काय येते ते पाहा. चाकाचा घेर जवळपास सहा टक्क्यांनी वाढल्यामुळे प्रत्येक गिअर तेवढाच उंच होतो. दीड लिटरच्या इंजिनाला खंबाटकीच्या चढावर आज जिथे चौथा गिअर पुरतो, तिथे तिसरा टाकावा लागेल. वेगदर्शक काटा कमी वेग दाखवील. गाडीची मूळ रिम साडेपाच इंच रुंदीची आहे आणि २३५ च्या टायरला ती अरुंद पडते, म्हणजे रिमही बदलाव्या लागतील. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या दांड्याला किंवा मडगार्डला घासण्याचा संभव आहे. जड स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असल्यामुळे दाराच्या बिजागऱ्यांवर रोज जादा भार पडेल, तो निराळाच. एवढे सगळे वीस मिलिमीटरसाठी.

माझ्या मते तुमच्यासाठी २१५/७५ आर १५, ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांच्या) नक्षीचा, पुरेसा आहे. व्यास साडेदहा मिलिमीटरने वाढतो, काट्यात दीड टक्क्याचाच फरक पडतो, मूळ रिमवर बसतो आणि लिफ्ट न करताही बसतो. गोळ्याखाली जेमतेम पाच मिलिमीटर मिळतात हे मान्य. पण रुंदी आणि नक्षी यांमुळे ओल्या मातीत व सैल मुरुमात मिळणारी पकड त्या पाच मिलिमीटरपेक्षा मोलाची ठरते. मड-टेरेन घेऊ नका. महिन्याला तीन हजार किलोमीटर तो घोंघावणारा आवाज ऐकत काढावे लागतील, आणि पावसातल्या डांबरी रस्त्यावर त्याची ब्रेकची पकड कमी पडते. कच्च्या वाटेच्या तोंडाशी थांबून हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली, तर गाडी दगडांवरून किती मऊ चालते याचे तुम्हाला आश्चर्य वाटेल. परत डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती भरलीच पाहिजे, म्हणून बॅटरीवर चालणारा एक बरा हवेचा पंप गाडीत ठेवा. आणि वाटेत कास लागते म्हणून सांगतो, नवे टायर सड्यावर घालून पाहण्याचा मोह होऊ देऊ नका; त्या पठाराचा मातीचा थर इतका पातळ आहे, की एका गाडीची चाकोरीही तिथे वर्षानुवर्षे राहते.

काम करून घेताना काही गोष्टी स्वतः उभे राहून पाहाव्यात. आदल्या दिवशी सपाट जमिनीवर, रिकाम्या गाडीत, चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. नाहीतर नंतर लिफ्ट किती झाली हे केवळ बिलावरून कळेल. जुन्या स्प्रिंगा बसल्या असतील तर नव्यांनी मिळणारी वाढ अपेक्षेहून जास्त दिसते, हेही या मापांवरून समजते. दांड्यांच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी उचललेली असताना अखेरचे घट्ट करू देऊ नका. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन स्प्रिंगवर आल्यानंतरच ते आवळावेत. एरवी बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. ही चूक फार सर्रास होते, कारण रॅम्पवर उभ्याने पाना फिरवणे सोपे असते. ब्रेक होज आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण लोंबकळल्यावर ताणल्या जात नाहीत ना, हे प्रत्येक चाकापाशी पाहावे, आणि बंप स्टॉप (चाक फार वर येऊ न देणारे रबरी थांबे) नव्या शॉकच्या लांबीला जुळतात ना, हे विचारावे.

व्हील अलाइनमेंटच्या वेळी बहुतेक ठिकाणी फक्त टो (वरून पाहता चाके किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) जुळवतात, कारण अखंड एक्सलच्या गाडीत मुळात तेवढेच जुळवता येते. तुम्ही मात्र कॅस्टरचा आकडाही छापून मागा, लिफ्टच्या आधीचा आणि नंतरचा. दोन्ही कागद हातात असले की वाद उरत नाही. हेडलाइटचा झोतही पुन्हा खाली आणावा, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. पाचशे किलोमीटरनंतर, म्हणजे तुमच्या बाबतीत आठवडाभरातच, सगळे बोल्ट पुन्हा तपासून घ्या. नव्या स्प्रिंगा या काळात थोड्या खाली बसतात, त्यामुळे अंतिम अलाइनमेंट त्यानंतर केलेली बरी. ताशी साठ-सत्तरच्या आसपास स्टिअरिंगला थरथर आली, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग पाहा, मग स्टिअरिंगचे सांधे व चाकाजवळचे बेअरिंग. स्टिअरिंगचा डँपर बदलून थरथर दाबू पाहणाऱ्याचे ऐकू नका.

कायद्याची बाजू अप्रिय आहे, पण ती टाळता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणेच लावला. नियमात न बसणाऱ्या बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद कलम १८२-अ मध्ये आहे. स्प्रिंगची उंची नोंदणी पुस्तकात लिहिलेली नसते, म्हणून ‘कोण विचारतो’ असे गॅरेजवाले म्हणतील. ४० मिलिमीटर रस्त्यावर कोणाच्या नजरेत भरतही नाहीत, हे खरे. परंतु बदल कायदेशीरच आहे, असे मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. जोखीम अपघातानंतर खरी समोर येते. विमा कंपनीला बदल आधी लेखी कळवा आणि तिचे उत्तर लेखीच घ्या. तिने नकार दिला, तर लिफ्टचा विचार सोडून टायर आणि स्किड प्लेटवर थांबा, असे मी सांगेन. वॉरंटीची काही मुदत शिल्लक असेल, तर सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि शाफ्ट यांचे दावे बदलानंतर फेटाळले जाण्याची तयारी ठेवा.

क्रम म्हणाल तर चुन्याचा प्रयोग प्रथम, टायर आणि स्किड प्लेट त्यानंतर, आणि त्यांवर एक-दोन महिने गावच्या फेऱ्या करून पाहिल्यावरच स्प्रिंग-शॉकचा निर्णय. निम्म्या लोकांचे काम दुसऱ्या पायरीवरच भागते, असा माझा अनुभव आहे. लिफ्ट करायचीच ठरली, तर पावसाळा संपल्यावर करा. नव्या सस्पेन्शनचा स्वभाव कोरड्या रस्त्यावर ओळखून घ्यावा, खंबाटकीतल्या पहिल्या पावसाच्या निसरड्यावर नव्हे. गाडी १६४५ मिलिमीटर रुंद, म्हणजे अरुंदच आहे. वजनाचा मध्य तीन-साडेतीन सेंटिमीटर वर गेला की वळणात ती पूर्वीपेक्षा लवकर झुकते, आणि आडव्या उतारावर तर हे विशेष ध्यानात ठेवावे लागते.

राहिला आईंचा प्रश्न. ४० मिलिमीटरची लिफ्ट आणि नवे टायर मिळून गाडीची पायरी साडेचार सेंटिमीटरने उंच होईल. दुखऱ्या गुडघ्यांना हे कळणार. दुकानदार लगेच दाराखाली कायमचा फूटबोर्ड सुचवील. तो घेऊ नका, कारण तो नेमका गाडीच्या पोटाच्या बाजूला, दोन चाकांच्या मध्ये लोंबतो, आणि जे ४० मिलिमीटर मिळवण्यासाठी एवढा खटाटोप केला ते कडेच्या बाजूंनी परत घालवतो. त्याऐवजी दाराच्या खांबावर आतून धरायला एक मजबूत मूठ बसवून घ्या, आणि सुताराकडून वीतभर उंचीचा, वर रबर ठोकलेला, रुंद पायांचा सागवानी चौरंग करून घ्या. त्याला एक हातभर दोरी बांधा, म्हणजे आई आत बसल्या की दोरी धरून तो वाकल्याशिवाय उचलता येईल आणि मागच्या सीटच्या पायथ्याशी ठेवता येईल.